बैलाचा खांदा आणि तुझा कान

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

"दादा, नमस्कार. माझं वय २१. बी.ए. करतो, घरची पाच एकर शेती आहे. रात्री जेवण झालं की मित्रांसोबत फोनवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळतो, त्यात चार तास जातात. दिवसा अभ्यास करताना दोन-अडीच तास गाणी चालू असतात. गेल्या वर्षी सातशे रुपयांचा हेडफोन मागवला होता. तासाभरात कान दुखतात, चष्म्याची काडी कानामागे रुतते, डोकं ठणकतं. उन्हाळ्यात घाम गळतो, आणि आता गादीचे काळे पापुद्रे सुटून गालाला चिकटतात. आई म्हणते, 'कानाले हे काय दाबून बसतं तू, आवाज देल्ला तर आयकूच येत नाही तुले!' यंदा सोयाबीन विकल्यावर बाबांनी तीन हजार रुपये दिले, एकदाच चांगला घे म्हणाले. गेमिंगचा घेऊ की गाण्यांचा? वायरचा की ब्लूटूथचा? जाहिरातीत ५० एमएमचा ड्रायव्हर, ७.१ साउंड असं लिहिलेलं असतं, त्यातलं काय पाहू? रात्री पीक राखायला, जागलीला, वावरात जातो, तिथंही हाच वापरीन म्हणतो."

भाऊ,

तुझ्या घरी बैलजोडी असेल किंवा आजोबांच्या काळी असेल. जू बरोबर बसलं नाही तर बैलाचा खांदा सुजतो, हे तुला मी सांगायला नको. तो सुजलेला बैल आळशी नसतो आणि जूही वाईट लाकडाचं असतं असं नाही. ते त्याच्या मानेला बसत नाही, एवढंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदशेकणी करतो ती त्या खांद्याची जाण ठेवूनच. तुझ्या कानाचं दुखणं नेमकं तसंच आहे. आवाज कसा येतो याची चौकशी तू केलीस, पण ही वस्तू डोक्यावर बसते कशी हे पाहिलं नाहीस. चार-चार तास घालायची असेल तर पाहायची पहिली गोष्ट तीच.

हेडफोन डोक्यावर दोन ठिकाणी त्रास देतो. वरची पट्टी टाळूवर वजन टाकते आणि दोन्ही बाजूंच्या वाट्या आतल्या बाजूला दाबतात. हा दाब फार झाला की कानाच्या वरच्या कडेला आणि कानशिलाला कळ लागते, मग डोकं धरतं. डोकेदुखीच्या वैद्यकीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे: बाहेरून दाब पडल्यामुळे होणारी डोकेदुखी. घट्ट हेल्मेट आणि पोहायचा चष्मा यांनीही ती होते. तिची खूण अशी की दाब काढला की तासाभरात ती थांबते. तू हे घरी करून बघ. हेडफोन काढून तासाभरात डोकं उतरलं तर दोष हेडफोनचा. तरीही ठणकत राहिलं तर चष्म्याचा नंबर तपासून घे. अंधारात छोट्या पडद्याकडे चार तास पाहणाऱ्याचे डोळेही दुखतात.

तुझा जुना हेडफोन कानावर टेकणारा असावा, असं पत्रावरून वाटतं. त्याची गोल गादी कानाच्या कूर्चेवर बसते आणि कान चष्म्याच्या काडीवर दाबला जातो. तासभर गाणी ऐकायला तो चालतो, लांबच्या बैठकीला नाही. तुला कान पूर्ण आत घेणारा हवा, ज्याची गादी कानाभोवतीच्या कवटीवर टेकते आणि कान आत मोकळा राहतो. दुकानात तो 'ओव्हर-इअर' म्हणून मागायचा. पण नुसत्या नावावर जाऊ नकोस, कारण ओव्हर-इअर म्हणून विकलेल्या कितीतरी वाट्या लहान असतात. आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घे आणि स्वतःचा कान वरपासून खालपर्यंत मोज. बहुतेक मोठ्या माणसांचा कान सहा-सात सेंटीमीटर उंच भरतो. वाटीच्या आतली पोकळी त्याहून थोडी जास्त हवी, नाहीतर कानाची पाळी गादीखाली चेंगरते. आणि खोली पाहा. वाटीच्या तळाशी कापडाखाली कडक जाळी असते, तिला कान टेकत असेल तर पहिल्या अर्ध्या तासात काही कळत नाही, दुसऱ्या तासात आग होते. हे मी फार सोसलं आहे. वीस वर्षं लग्नाच्या मंडपात आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत माझ्या डोक्यावर हेडफोनच असायचा.

वजनाचं म्हणशील तर अडीचशे ग्रॅमच्या आत राहा. तू फोनवर खेळतोस, म्हणजे मान खाली. खाली वाकलेल्या मानेला डोक्यावरचा प्रत्येक ग्रॅम जड जातो. महागाचा हेडफोन हलका असतोच असंही नाही. अ‍ॅपलचा एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅम भरतो. उलट लॉजिटेकचा जी४३५ हा बिनवायरी गेमिंग हेडसेट १६५ ग्रॅमचा आहे, सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आणि ऑडिओ-टेक्निकाचा वायरवाला एटीएच-एम२०एक्स १९० ग्रॅमचा. हेच घे असं मी म्हणत नाही. फरक किती असतो ते तुझ्या ध्यानात यावं म्हणून आकडे दिले. खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर वजन लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता चष्मा. चष्मेवाल्याला हेडफोन निवडताना कुणी विचारत नाही आणि भोगतो मात्र तोच. गादी काडीवर दाबते, काडी कवटीवर दाबते, आणि काडीच्या जागी राहिलेल्या फटीतून खर्जाचा आवाज निसटतो. मग गाणं पोकळ वाटतं म्हणून माणूस आवाज वाढवतो. यावर इलाज दोन. पुढच्या वेळी चष्मा घेशील तेव्हा जाड प्लॅस्टिकच्या काडीऐवजी बारीक धातूची काडी घे. आणि हेडफोनची गादी अशी घे की बोटानं दाबली तर सावकाश खाली जाते आणि सावकाशच वर येते. मेमरी फोम म्हणतात तो हा. तो काडीभोवती स्वतःला बसवून घेतो. दाबल्यावर चेंडूसारखी टणकन वर येणारी गादी तुझ्या कामाची नाही.

नवा हेडफोन थोडा घट्ट असतोच, आठवडा-दोन आठवड्यांत सैलावतो. नाही सैलावला तर पुस्तकांची चळत रचून, आपल्या डोक्यापेक्षा बोटभर रुंद, तिच्यावर रात्रभर चढवून ठेव. आतून पोलादी पट्टी असलेल्याला हे मानवतं. पट्टी सगळी प्लॅस्टिकची असेल तर करू नकोस, ती तडकते.

पापुद्र्यांचं सांगतो, कारण आपल्या भागात हे ठरलेलंच आहे. ते काळं कातडं खरं चामडं नसतं, कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर असतो. घाम, डोक्याचं तेल आणि उष्णता यांनी तो थर सुटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, घरावर टिन असेल तर आत भट्टी. शिवाय आपण रोज तेल लावणारी माणसं. त्यामुळे जमलं तर कापडी किंवा मखमली गादीचा घे. तिच्यातून हवा खेळते, कानाखाली पाणी साचत नाही. तिचा एक तोटा आहे, बाहेरचा आवाज ती थोडा जास्त आत येऊ देते. तुझ्या बाबतीत तो मला तोटा वाटत नाही. का ते पुढे येईलच. गादी काढून बदलता येते का, हे दुकानदाराला विचार. चांगल्या हेडफोनच्या गाद्या वेगळ्या मिळतात, म्हणजे दोन वर्षांनी सगळी वस्तू फेकावी लागत नाही. आणि कातड्याचाच घ्यावा लागला तर आईला जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या दोन खोळी शिवायला सांग, कडेला इलॅस्टिक घालून. आठवड्याला धुवायच्या. खर्जाचा आवाज किंचित उतरेल, पण कान कोरडे राहतील.

कोरड्या कानाचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. दमट, गरम, बंद कानात बुरशी धरते. खाज सुटते, कान गच्च वाटतो. त्यात कुणी कोमट तेल ओततं, कुणी आगपेटीची काडी घालतं, आणि साधं दुखणं महिनाभर चालतं. असं झालं तर तेल नाही, काडी नाही, हेडफोन बंद, आणि कानाचा डॉक्टर. कानाच्या भोकात बसणारे इअरबड मी तुला लांब बैठकीसाठी सुचवत नाही, त्याचं एक कारण हेच.

गेमिंगचा की गाण्यांचा, या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: आरामात बसणारा कुठलाही चांगला स्टिरिओ हेडफोन दोन्ही कामं करतो. पाऊल डावीकडून वाजलं की उजवीकडून, हे दोन कानांच्या आवाजातल्या फरकावरून कळतं आणि त्याला दोनच स्पीकर लागतात. ७.१ म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतो असा भास, आणि ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनं केलेलं काम असतं. फोनवरच्या गेमला त्याचा उपयोग नाही, गाणं तर त्यानं बिघडतंच. ५० एमएमचं म्हणशील तर ड्रायव्हर म्हणजे वाटीतला छोटा स्पीकर, आणि ४० एमएमचा चांगला ड्रायव्हर ५० एमएमच्या वाईटाहून कितीतरी बरा. लाल-निळ्या दिव्यांचं वजन तुझ्या मानेवर येतं आणि पैसे बाबांच्या खिशातून जातात. फक्त ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडा बघून ठेव: १६ ते ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन फोनवर नीट वाजतो. २५० ओहमचा स्टुडिओतला घेतलास तर फोनवर तो कुजबुजल्यासारखा ऐकू येईल.

वायर की ब्लूटूथ? तुझ्यासाठी वायर. साध्या ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. गाण्याला त्यानं काही बिघडत नाही, पण खेळात पाऊल ऐकू येईपर्यंत समोरच्यानं गोळी झाडलेली असते. काही गेमिंग हेडसेटसोबत वेगळा छोटा डोंगल (फोनला खोचायचा तुकडा) येतो, त्यात हा उशीर वीस-तीस मिलिसेकंदांवर येतो, आणि मग बिनवायरीही चालतो. तरी वायरचे आणखी गुण मला महत्त्वाचे वाटतात. वीज रात्री दोन-दोन तास गेली तरी तो बंद पडत नाही. त्यात बॅटरी नसते, म्हणून टिनाखालच्या भट्टीत तो म्हातारा होत नाही. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्याच्या दुपारी तुझी खोली त्याच्या आसपासच असते. बिनवायरी घेतलास तर चार्जिंग पहाटे कर. वायर घेशील तेव्हा वाटीतून काढता येणारी घे; तुटते ती वायरच, आणि ती दोनशे रुपयांत बदलता आली पाहिजे. पिनवर तीन पट्ट्या असतील तर माइकही चालेल. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचं जोडणं वेगळं घ्यावं लागेल, ते तीन हजारातच बसव.

इथपर्यंत कानाच्या बाहेरचं झालं. आता आतलं, आणि इथं जरा थांबून वाच.

हेडफोन छान बसला की तो घातल्याचा विसर पडतो. तुझा जुना हेडफोन तासाभरात दुखायचा, म्हणून तू तो काढायचास. नवा दुखणार नाही, म्हणजे काढायची आठवण करून देणारं काही राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आखून दिलेली मर्यादा अशी आहे: ८० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) आवाज आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला चारच तास उरतात. तुझा हिशोब मांडू. चार तास खेळ, अडीच तास गाणी, म्हणजे आठवड्याचे पंचेचाळीस तास. आवाज ८० डेसिबलवर असला तरी तू मर्यादेच्या पलीकडे आहेस. आवाज वाढवलास तर सोमवारच्या एका रात्रीत अख्ख्या आठवड्याचा वाटा संपतो. त्याच संघटनेचं सोपं सांगणं आहे, फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. तू तेवढं तरी धर, आणि दर तासाला दहा मिनिटं कान मोकळे ठेव.

आवाज वाढतो तो हौसेनं कमी आणि आजूबाजूच्या गोंगाटामुळे जास्त. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलर चालतो आणि त्याच्यावर मात करायला प्रत्येकजण बटण दाबत जातो. पावसाळ्यात टिनावर सर आली की तेच. कूलरच्या समोर बसण्याऐवजी बाजूला, भिंतीच्या आडोशाला बस. कूलरसारखी एकसुरी घरघर नॉइज कॅन्सलिंगच्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या, हेडफोननं खरोखर कमी होते, हे मी मान्य करतो. बजेट वाढलं तर त्याचा विचार कर. टिनावरच्या पावसाला मात्र त्याचा फार उपयोग नाही, तेव्हा गाणं बंद करून पाऊसच ऐकावा. खेळाच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचं संगीत बंद कर आणि मित्रांच्या बोलण्याचा आवाज खाली घे. ओरडणारे मित्र बंदुकीपेक्षा जास्त त्रास देतात.

हे मी एवढं लावून का धरतो ते सांगतो. माझ्या उजव्या कानात गेली नऊ वर्षं रातकिडा ओरडतो आहे. दिवसा कामात कळत नाही, रात्री घर निजलं की सुरू होतो. मंडपात स्पीकरच्या भिंतीशेजारी उभं राहायचो, वरून हेडफोन, आणि गर्दीच्या वर आवाज ऐकू यावा म्हणून तोही पूर्ण. सुरुवातीला काम संपल्यावर कान गच्च व्हायचे, सकाळी मोकळे व्हायचे. मला वाटायचं, झालं बरं. डॉक्टरांनी नंतर समजावलं, आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जळली तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते, हे तसं नाही. तुझं वय २१ आहे. खेळून उठल्यावर कानात शीळ वाजत असेल, माणसांचं बोलणं कापसातून आल्यासारखं वाटत असेल, तर त्याच आठवड्यात यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात जाऊन श्रवणचाचणी करून घे.

जागलीबद्दल माझं मत पक्कं आहे. वावरात हेडफोन नाही. एका कानातसुद्धा नाही. तू तिथं जातोस ते कान उघडे ठेवायला. रानडुकरांचा कळप पिकात शिरला की आधी ऐकू येतो, दिसतो मागाहून. रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, तसंच. परड, म्हणजे घोणस, पायाजवळ असली तर कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, आणि ती फुसकार ऐकून मागे हटलेली कितीतरी माणसं आज घरी जेवत आहेत. तुझ्याच तालुक्याच्या रानात २०१८ साली माणसं मारणाऱ्या अवनी वाघिणीपायी काय झालं ते तू शाळेत असताना पाहिलं आहेस. मचाणावर गाणी ऐकायचीच तर फोनच्या स्पीकरवर मोठ्यानं लाव. माणसाच्या आवाजानं जनावर बिचकतं, म्हणून तर आपली माणसं डबडी वाजवत रात्र काढतात.

घरातही तेच, जरा सौम्यपणे. कापडी गादीतून बाहेरचा आवाज आत येतो तो तोटा नव्हे असं मी वर म्हटलं, ते आईसाठी. रात्री अकरा वाजता तिनं पाणी मागितलं तर तुला ऐकू गेलं पाहिजे. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेव, म्हणजे ती आली तर दिसेल तरी.

खरेदी शक्यतो यवतमाळ किंवा वर्ध्याच्या दुकानात जाऊन कर. चष्मा लावून जा, फोन ने, हेडफोन घालून वीस मिनिटं बस. मान खाली घाल, बोल, काहीतरी चावून बघ, कारण जबडा हलला की कानाभोवतीची जागा बदलते. दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान. नावाजलेल्या कंपनीचा म्हणून मी एकदा घेतलेला हेडफोन नकली निघाला होता, तेव्हापासून मी खोकं आधी वाचतो: बिनवायरी असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर हवा, आणि तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. ऑनलाइनच मागवणार असशील तर परत घेण्याची अट आधी वाच. काही ठिकाणी वस्तू बदलून देतात, पैसे देत नाहीत, आणि न बसणारा हेडफोन बदलून तसाच आला तर उपयोग काय? बिल जपून ठेव. कुणी दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीत बोलता येतं.

आणि घरी आणल्यावर पहिले दोन दिवस खोकं फाडून फेकू नकोस. एक रात्र पूर्ण चार तास घालून खेळ, सकाळी कानामागे बोट फिरवून बघ. काडीच्या जागी दुखत असेल तर तो परत जाऊ दे, किंमत कितीही चांगली असली तरी.